शेवटच्या खाचेपर्यंत

माझे भावोजी कंपाउंडर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना दवाखाना आहे. पुढच्या खोलीत डॉक्टर बसतात आणि मागच्या खोलीत, एका चौकोनी खिडकीपलीकडे, भावोजी. हल्लीचे डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे होतात, पण आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. औषध दवाखान्यातच मिळालं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यामुळे मोठ्या बरणीतून बाटलीत मिक्स्चर ओतायचं, बूच लावायचं आणि बाटलीवर खाचांची पट्टी चिकटवायची, हे काम भावोजी सव्वीस वर्षं करत आले.

खाचांची पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटभर रुंदीचा कागद घ्यायचा, घडीवर घडी घालायची आणि कडेला कात्रीने एक छोटा तिरपा काप द्यायचा. कागद उलगडला की सारख्या अंतरावर खाचा दिसतात. एक खाच म्हणजे एक डोस. औषध वरच्या खाचेवरून पुढच्या खाचेपर्यंत उतरलं की थांबायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. भावोजींचा हात असा बसलेला, की डॉक्टरांनी एकदा गंमत म्हणून फूटपट्टी लावून पाहिली आणि गुपचूप आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

खिडकीतून बाटली देताना भावोजी पट्टीवरून बोट वरून खालपर्यंत फिरवायचे आणि म्हणायचे, "शेवटच्या खाचेपर्यंत घ्यायचं बरं का. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की मला झोपेतून उठवलंत तरी बोटासकट करून दाखवीन.

घरातही माणूस तसाच. चहात साखर दीड चमचा, तीही सपाट. मीठ चिमटीने नाही, चमच्याने. मी त्यांना थेंबराव म्हणायची. मेहुणीला तेवढा हक्क असतो. माझं लग्न झालेलं नाही. ताईच्या घरात वरच्या खोलीत मी राहते आणि सकाळी चर्चच्या ऑफिसात टायपिंग करते. भावोजी मला धाकटी म्हणतात. आमचं चांगलं जमायचं. खरं सांगायचं तर ताईपेक्षा माझंच त्यांच्याशी जास्त जमायचं, कारण ताईला विनोद समजावून सांगावा लागतो.

तर या थेंबरावांना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मिशनच्या गटात घेतलं. परदेशात, एका डोंगराळ भागात पाच दिवसांचं औषधाचं शिबिर. दुसऱ्या शहरातले दोन डॉक्टर, आमच्या मंडळीतली सहा माणसं, आणि औषध वाटायला भावोजी. भावोजींनी तोवर विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून. पण साहेब घरी आले आणि म्हणाले, "बंधू, तुमच्या हाताची प्रभूला गरज आहे." झालं. भावोजी विरघळले. ताईने नवीन स्वेटर विणला, मी बॅगेवर नाव रंगवलं, आणि स्वारी निघाली.

चौथ्या दिवशी पाळकसाहेबांचं पत्र ईमेलने आलं. रविवारच्या उपासनेत ते मीच वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की तिथल्या भाषेत छापलेल्या सूचनांचे कागद आणि मापाच्या टोप्या तिसऱ्या दिवशी संपल्या. सगळ्यांचे चेहरे पडले. तेव्हा आपल्या कंपाउंडर बंधूंनी खिशातून कात्री काढली आणि म्हणाले, काही अडत नाही, आपली पट्टी आहे. शेवटी साहेबांनी लिहिलं होतं, "आपल्या बंधूंच्या कात्रीला सगळ्या भाषा येतात." मंडळी हसली, टाळ्या पडल्या. ताई मान खाली घालून लाजली. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू.

परत आले तेव्हा भावोजींनी स्वेटर घडी घालून ताईच्या हातात दिला आणि आंघोळीला गेले. दीड तास बाहेर आले नाहीत. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण. मग आठवडा गेला तरी तो शीण उतरेना. जेवायला बसले की भात चिवडत बसायचे. विमान कसं होतं विचारलं तर, "होतं आपलं." डोंगर कसे होते? "उंच होते."

दवाखान्यात तर त्यांनी पट्टी कापायचीच बंद केली. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात सगळं लिहिलेलं, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाकडून ते तीनदा म्हणवून घ्यायचं. "किती चमचे? किती वेळा? पुन्हा सांगा." रांग दारापर्यंत गेली. एक आजी चिडून म्हणाली, "अरे, मी काय परीक्षेला बसलेय का?" डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडले. भावोजींनी ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "किती चमचे?"

ताईचं म्हणणं, त्यांना तिकडची दृष्ट लागली. मी म्हटलं, अगं आपण चर्चला जातो ना, दृष्ट कसली काढतेस! पण मलाही काही सुचत नव्हतं.

एके दिवशी दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी मी डबा घेऊन गेले. भावोजी स्टुलावर बसले होते. समोर टेबलावर एक रिकामी बाटली. तिच्यावर त्यांच्याच हातची पट्टी, आठ खाचांची.

"धाकटे, पाळकसाहेबांची इंग्रजी पत्रं तूच टाइप करतेस ना?"

"मीच. का?"

"मला एक पत्र पाठवायचंय. तिथे आमच्याबरोबर एक दुभाषी बाई होती, तिला. पत्ता साहेबांकडे आहे, आणि माझं इंग्रजी औषधांच्या नावापलीकडे जात नाही."

"काय लिहायचंय?"

त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली आणि सांगायला लागले. ते जसं बोलले तसंच लिहिते.

"चौथ्या दिवशी एक बाई आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. खोकला होता, झोप नव्हती. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं. ते झोप आणणारं असतं, लहान मुलाला अगदी थोडं द्यायचं. मी आठ डोस भरले, पट्टी लावली. दुभाषी बाई तेव्हा डॉक्टरांकडे होती. मग मी बोटाने सांगितलं. नेहमी सांगतो तसंच. वरून खालपर्यंत. शेवटच्या खाचेपर्यंत घ्यायचं, मध्येच सोडायचं नाही. तिने अंगठा शेवटच्या खाचेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. विचारत होती ती, धाकटे. इथपर्यंत ना, असं विचारत होती. आणि मी मान हलवली. हसून हलवली. वर म्हटलं, हो हो, अगदी बरोबर."

पुढचं मला कळलं होतं, तरी ते बोलत राहिले.

"तिने घरी नेऊन सगळी बाटली पाजली. एकदम. दुसऱ्या दिवशी आमची बस निघायची होती. सामान चढवत होतो, तर ती आली. मुलगी नव्हती बरोबर. नुसती ही बाटली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. दुभाषी बाईला काहीतरी विचारलं. दुभाषी बाईने मला सांगितलं, की मुलगी गेली, आणि ही विचारतेय, की पाजताना थोडं औषध सांडलं, कापडावर, तेवढं कमी पडलं म्हणून असं झालं का?"

बाहेर डॉक्टरांनी आपल्या खोलीला कुलूप घातल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच नाही. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, देवाने तिला आपल्याजवळ घेतलं. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, विमानाची वेळ होती. बस सुटली. ती तिथेच उभी. बाटली माझ्या हातात राहिली."

"भावोजी, तुमची काय चूक? तिला समजलं नाही..."

"तिला समजलं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी जे सांगितलं तेच तिने केलं. बरोबर केलं. माझंच सांगणं चुकीचं होतं. आणि ती तिथे बसलीय, आपण सांडलं म्हणून पोर गेली असं समजून. तिला एवढंच कळवायचंय. सांडल्यामुळे नाही. माझ्यामुळे. दोन ओळींचं काम आहे."

दोन ओळींचंच काम होतं. मी त्यांना घेऊन पाळकसाहेबांकडे गेले.

पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनाही तिकडून आल्यापासून झोप नव्हती, असं ते म्हणाले आणि मला ते खरं वाटलं. पण डोळे पुसले आणि ते म्हणाले, "बंधू, पाच दिवसांत चारशे माणसं औषध घेऊन गेली. त्या भागात दुसरा दवाखाना नाही. आपण असं लेखी दिलं, की पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही. मग त्या लोकांनी कुठे जायचं?"

"मला पुढच्या वर्षाचं कळत नाही, साहेब," भावोजी म्हणाले. "मला त्या बाईला कळवायचंय."

"कळवू. पत्राचं मी बघतो. आधी तुम्ही रविवारी साक्ष द्या. मंडळी वाट बघतेय. देवासमोर मन मोकळं करा, हलकं वाटेल."

साक्ष म्हणजे काय, हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना पाठ आहे. कोणी परदेशाहून, ऑपरेशनमधून किंवा नोकरीच्या संकटातून सुटून आला, की पुढे उभं राहून सांगायचं, मी कुठे होतो आणि प्रभूने कसं सांभाळलं. दर दोन वाक्यांनी माणूस श्वास घेतो, त्या जागी मंडळी "आमेन" म्हणते. शेवट चांगलाच होतो. वाईट शेवटाची साक्ष मी तोवर ऐकलीच नव्हती.

भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. कागद नव्हता. जसं मला सांगितलं तसंच त्यांनी सांगितलं, बाटली, बोट, अंगठा, मान. आवाज बारीक होता, म्हणून लोक पुढे झुकून ऐकत होते. भावोजी म्हणाले, "ती मुलगी माझ्यामुळे मेली," आणि श्वास घेतला.

दुसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आमेन."

सवयीने म्हणालं, मला माहीत आहे. म्हणणाऱ्यालाही लगेच कळलं असणार, कारण त्या रांगेतली सगळी डोकी एकदम खाली गेली. पाळकसाहेबांनी पुढे येऊन भावोजींच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक आपल्याकडे घेतला. म्हणाले, असं नम्र अंतःकरण आपल्याला पाहायला मिळालं. दुसऱ्याची चूकही स्वतःच्या अंगावर घेणारं. प्रभूची स्तुती असो. आता मात्र सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. कारण आता शेवट चांगला झाला होता.

उपासना संपल्यावर लोक भावोजींना भेटायला रांगेने आले. बायकांनी ताईचे हात हातात घेतले, किती मोठ्या मनाचा नवरा मिळाला गं तुला! ताई रडत होती आणि हसत होती. फाटकाशी आल्यावर भावोजी मला म्हणाले, "त्यांनी माझी पाठ थोपटली, धाकटे." हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी त्यांच्या थोबाडीत मारली होती.

बुधवारी साहेबांनी मला पत्र सांगितलं. दुभाषी बाईला नमस्कार, शिबिराबद्दल आभार, आणि मग त्या आईसाठी निरोप. तुमची मुलगी आधीपासूनच फार आजारी होती. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. कोणाचाही दोष नाही.

माझी बोटं थांबली. "साहेब, भावोजींचं म्हणणं वेगळं आहे."

"आपण त्या माउलीला दिलासा देतोय, बाई. खोटं कुठे आहे यात? मूल आजारी होतंच ना, म्हणून तर आणलं होतं."

मी टाइप केलं. मला कोणी बंदूक दाखवली नव्हती. मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं, तेही लिहिते. मी म्हटलं, तिकडून चौकशी आली तर भावोजींना धरून नेतील, ताईचं काय होईल? मी म्हटलं, "कोणाचाही दोष नाही" म्हटल्यावर त्या बाईचाही दोष नाही, हे आलंच त्यात. आणि खरं म्हणजे मी कंटाळले होते. घरातलं ते तोंड बघून, त्या ताटातल्या भाताकडे बघून मला वीट आला होता. मला माझे जुने भावोजी परत हवे होते, आणि पत्र गेलं की ते परत येतील असं मला वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी दारातच विचारलं, "गेलं?"

"गेलं."

"सगळं लिहिलंस ना? सांडल्यामुळे नाही, असं?"

"हो हो, अगदी बरोबर," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की मी कुणाचे शब्द वापरले. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आणि खरंच, ते सुधारले. त्या रविवारी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. ताई मोरीत जाऊन रडून आली. पट्टी त्यांनी पुन्हा कधी कापली नाही, पण मापाच्या टोप्या मागवल्या आणि लोकांकडून तीनदाऐवजी एकदाच म्हणवून घ्यायला लागले. कधी कधी हातातलं काम थांबवून मला म्हणायचे, "आता पोचलं असेल." महिन्याभराने म्हणायचे, "आता तिला कळलं असेल." मी मान हलवायची.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. पाळकसाहेबांनी वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "छान उत्तर आलंय. फाइलला लावून टाका." पहिल्या पानावर आभार होते, हवापाणी होतं, पुढच्या शिबिराची विचारपूस होती. साहेबांनी बहुधा तेवढंच वाचलं असावं. दुसऱ्या पानावर दुभाषी बाईने लिहिलं होतं:

"तुमचा निरोप मी तिच्या घरी जाऊन वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला. ती म्हणाली, ते कागद कापणारे साहेब चांगले आहेत, त्यांनी मला नीट दाखवलं होतं, मी विचारलं तेव्हा हसून सांगितलं होतं. माझा हात हलला. मुलगी फार आजारी होती असं ते म्हणतात, म्हणजे एक थेंबही सांडायला नको होता. सासरच्यांनीही पत्र ऐकलं. त्यांचंही तेच म्हणणं पडलं. तिला आणखी एक बाळ आहे, सहा महिन्यांचं. त्याला औषध पाजायला आता तिला कोणी देत नाही. तीही मागत नाही."

मी ते पान चार वेळा वाचलं. मग फाइलला लावलं. मग पाकिटासकट काढलं. आमच्या पत्राची नक्कलही काढली आणि भर दुपारी, डोक्यावर पदर घ्यायचीही शुद्ध न राहता, दवाखान्यात गेले.

भावोजी टोप्या धूत होते. मी आधी तिकडचं पत्र मराठीत करून वाचलं. ऐकता ऐकता त्यांनी हात पुसले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, "असं कसं? आपण तर लिहिलं होतं. आपल्या पत्रात काय होतं?"

मी नक्कल वाचली. तीही शब्दन् शब्द.

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उभी राहिले होते त्यासाठीच. पण ते हिशोब लावल्यासारखे हळू बोलले, "म्हणजे पहिल्यांदा माझ्या हातून झालं. आणि दुसऱ्यांदा तुझ्या."

"हो," मी म्हटलं.

"मला तू हो म्हणालीस."

"हो."

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, वरची चिठ्ठी फाडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही. मी सांगतो, तू इंग्रजीत लिही. या वेळी तुझं डोकं चालवायचं नाही." दुभाषी बाईचा पत्ता आता पाकिटावर होताच. ते सांगत गेले. मुलगी फार आजारी नव्हती. साधा खोकला होता. एका वेळी एकच खाच द्यायची होती. मी बोटाने सगळी बाटली दाखवली आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हटलं. थोडं सांडलं ते चांगलं झालं होतं. आणखी सांडलं असतं तर ती वाचली असती. तुमचा हात चुकला नाही. बाळाला औषध तुम्हीच द्या. हे सगळं सासरच्या माणसांसमोर मोठ्याने वाचावं.

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि दवाखान्याचा पत्ता घालायला लावला, कोणाला शोधत यायचं असेल तर सोपं जावं म्हणून. मी एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. ते पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन रजिस्टर केलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चची नोकरी सोडली. ताईला कारण कळलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून आता आणखी कोणाचं वाटोळं करणार आहात?" तिचंही काही चुकलं नव्हतं.

भावोजी माझ्याशी बोलतात. मीठ दे, दार लाव, डॉक्टर बोलावतायत, असं सगळं बोलतात. पुढच्या वर्षीचं शिबिर ठरल्याप्रमाणे झालं, दुसऱ्या कंपाउंडरला घेऊन, आणि पुरेशा टोप्या नेऊन. तिथे जाऊन आलेल्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की ती दुभाषी बाई नोकरी बदलून दुसरीकडे गेली होती. कधी गेली, आमचं पत्र पोचायच्या आधी की नंतर, ते कोणाला सांगता आलं नाही. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. पत्र परतही आलेलं नाही आणि उत्तरही आलेलं नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येतो. त्या वेळी भावोजी खिडकीतून औषध देणं थांबवतात, आणि रांगेतल्या लोकांना आता ते ठाऊक झालं आहे, तेही थांबतात.